बिनआवाजाची बंदूक

जाहिरातीतला 'वैशिष्ट्ये' हा मोठा हुशार शब्द आहे. तो खोटे बोलत नाही, पण सगळे खरेही सांगत नाही. मिक्सरच्या खोक्यावर मोटार किती वॅटची ते ठळक छापलेले असते. तो चालू केल्यावर शेजारच्या खोलीतले मूल दचकून उठेल, हे छापलेले नसते. कर्जाच्या पत्रकावर मासिक हप्ता मोठ्या अक्षरांत असतो आणि वीस वर्षांत मिळून किती पैसे भरायचे तो आकडा तळाशी, भिंग लावून वाचावा अशा अक्षरांत. उमेदीची सगळी वर्षे बँकेत काढल्यामुळे असेल, पण कुठलेही पत्रक हाती आले की ते खालून वर वाचायची सवय मला लागली आहे.

हल्ली मोबाइलच्या पडद्यावर अधूनमधून एक जाहिरात दिसते. 'शिकारीसाठी उच्च शक्तीची एअर रायफल.' खाली वैशिष्ट्यांची यादी : जबरदस्त ताकद, अचूक नेम, दुर्बीण बसवण्याची सोय, जवळजवळ शून्य आवाज, एकदा हवा भरली की अनेक गोळ्या, आणि सर्वांत शेवटी, 'लायसन्सची गरज नाही'. चित्रात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा पोशाख घातलेला एक रुबाबदार तरुण. तो कशावर नेम धरतो आहे, ते चित्रात नाही. ते चित्रात का नाही, एवढ्यावरच आज थोडे बोलायचे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची या वस्तूशी पहिली ओळख जत्रेत झालेली असते. फळीवर रंगीत फुगे टाचलेले, हातात छर्‍याची बंदूक, आणि नळी अशी किंचित वाकडी की निळ्यावर धरलेला नेम लालवर जावा! त्या बंदुकीची भीती कोणालाच वाटत नसे. म्हणून आजही 'एअरगन' म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "अरे, खेळण्यातलीच ना? घेऊ दे की पोराला." गैरसमजाची सुरुवात होते ती इथे. जत्रेतली ती बंदूक आणि जाहिरातीतली ही रायफल यांचे आडनाव एक असले, तरी स्वभाव एक नाही.

हवेची ताकद समजून घ्यायला सायकलचा पंप पुरतो. दट्ट्या जोरात दाबला की आतली हवा आकसते, पंपाचा खालचा भाग तापतो आणि तोंडावर धरलेले बोट हवेचा लोट मागे ढकलू पाहतो. साध्या एअरगनमध्ये हेच घडते. नळी मोडून खाली ओढली की आतली भक्कम स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्या पुढची हवा क्षणार्धात दाबली जाते आणि ती शिशाच्या छर्‍याला नळीबाहेर फेकते. छर्‍याचा आकार डमरूसारखा, मध्ये बारीक. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात, त्यामुळे तो स्वतःभोवती फिरत सरळ जातो. काही बंदुकांत स्प्रिंगच्या जागी कोंडलेला वायू असतो, एवढाच फरक.

'शिकारी' म्हणून विकल्या जाणार्‍या महागड्या रायफलींची जात मात्र वेगळी. त्यांत आधीच हवा भरून ठेवलेली एक टाकी असते. मोटारीच्या चाकात आपण चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड दाबाची हवा भरतो. या टाकीत तो दाब तीन हजार पौंडांच्या घरात असतो, म्हणजे जवळजवळ शंभरपट. दर गोळीला त्यातली थोडी हवा सुटते. स्प्रिंगचा धक्का नाही, त्यामुळे नेम हलत नाही; दारूचा स्फोट नाही, त्यामुळे धूर नाही, जाळ नाही; आणि नळीच्या टोकाला आवाज गिळणारी नळकांडी लावली तर पंचवीस पावलांवरच्या माणसाला टाळी वाजल्याएवढाही आवाज जाणवत नाही.

हे तंत्र आजचे आहे असे मात्र कोणी समजू नये. टायरोलच्या गिरार्डोनी नावाच्या कारागिराने सन १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी अशी रायफल तयार केली होती. तिचा दस्ता हीच हवेची टाकी. ती भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. पण एकदा भरली की वीसेक गोळ्या भराभर सुटत. ज्या काळात शिपाई प्रत्येक बारानंतर दारू ठासत बसत, त्या काळात ही गोष्ट चमत्कारच होती. अमेरिका ओलांडायला १८०४ साली निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीजवळही एक हवाई रायफल होती. वाटेत भेटणार्‍या आदिवासी टोळ्यांना ते तिचे प्रात्यक्षिक दाखवत आणि धाक बसवत. यंत्र नाजूक, दुरुस्ती कठीण, म्हणून सैन्यातून ती पुढे गेली. पण हवा माणूस मारू शकते, हे दोन-सव्वादोन शतकांपूर्वीच सिद्ध झाले होते.

आता ताकदीचा हिशेब पाहू. ही ताकद ज्यूल या एककात मोजतात. एक किलोचे वजन दोन मीटर उंचीवरून सोडले, तर जमिनीवर आदळताना त्यात सुमारे २० ज्यूल ऊर्जा असते. ऐकायला फार नाही. पण हीच ऊर्जा अर्ध्या ग्रॅमच्या, साडेचार मिलिमीटर जाडीच्या छर्‍यात कोंबली की तो सेकंदाला २८० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे हजार किलोमीटर वेगाने निघतो. मानवी कातडी भेदायला याच्या निम्माही वेग लागत नाही. डोळ्याला तर त्याहून कमी पुरतो. अमेरिकेत अर्धा इंच व्यासापर्यंतच्या नळीच्या हवाई रायफली मिळतात. त्यांतल्या काहींची ऊर्जा सहा-सातशे ज्यूलपर्यंत जाते आणि तिथल्या काही राज्यांत त्यांनी हरणांची शिकार करायला रीतसर परवानगी आहे. तेव्हा 'हवेचीच तर आहे' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग ऑलिम्पिकमध्ये एअर रायफल चालते ती कशी? चांगला प्रश्न आहे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळवले ते दहा मीटर एअर रायफलमध्येच. आपल्या मुंबईच्या अंजली भागवत २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत गेल्या, त्याही याच प्रकारात. त्या निशाणाच्या मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या टोकाएवढा! आणि त्यावर नेम धरणार्‍या रायफलीची ताकद असते जेमतेम सात-साडेसात ज्यूल. म्हणजे जगातला सर्वांत काटेकोर नेम सर्वांत मवाळ रायफलीने साधला जातो. नेमासाठी जास्तीची ताकद लागत नाही. कागदाला भोक पाडायलाही ती लागत नाही. ती ताकद लागते हाड फोडायला. यादीतले पहिले वैशिष्ट्य दुसर्‍यासाठी मुळीच आवश्यक नाही, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

शांततेचे वैशिष्ट्यही असेच. शेरलॉक होम्सच्या एका कथेत कर्नल मोरान नावाचा खलनायक आहे. हिंदुस्थानात वाघांच्या शिकारी केलेला हा नेमबाज लंडनमध्ये येऊन माणसे टिपतो, आणि त्याचे हत्यार असते एका आंधळ्या जर्मन कारागिराने बनवलेली एअरगन. कॉनन डॉयलने ते हत्यार का निवडले, हे उघड आहे. दारूच्या बंदुकीचा बार ही एक प्रकारची जाहीर नोटीस असते. बार झाला की पाखरे उडतात, कुत्री भुंकतात, गुराखी मान वर करतो, वनरक्षक सायकल त्या दिशेला वळवतो. गुन्हा झाल्याचे निदान चार जणांना कळते. बिनआवाजाच्या बंदुकीने ही नोटीसच रद्द केली. झाडावरचा होला खाली पडतो आणि शेजारच्या फांदीवरची साळुंकी जागची हलत नाही. मग तिचाही नंबर लागतो. जाहिरातदार ज्याला सोय म्हणतो, ती साक्षीदार नसण्याची सोय आहे.

आता यादीतले शेवटचे वाक्य : 'लायसन्सची गरज नाही.' हे कितपत खरे? आपला १९५९चा शस्त्र अधिनियम 'फायरआर्म'ची व्याख्या करताना केवळ स्फोटकांवर चालणारी हत्यारे म्हणत नाही. स्फोटक किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेने गोळी फेकणारी हत्यारे, असे म्हणतो. त्या 'अन्य प्रकारा'त हवा आलीच. २०१६च्या शस्त्र नियमांनी एक रेघ आखली. नळी साडेचार मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पॉइंट एकशे सत्याहत्तर इंचापेक्षा मोठी नाही आणि ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, तर परवाना नको. यातली एक जरी अट मोडली तर परवाना हवा. म्हणजे 'उच्च शक्तीची' आणि 'परवाना नको' ही दोन वैशिष्ट्ये एकाच रायफलीत नांदू शकत नाहीत. नांदत असतील, तर त्यांतले एक तरी खोटे आहे. ते कोणते हे विकणार्‍याने सांगायचे; पण पोलीस दारात आल्यावर उत्तर मात्र घेणार्‍याने द्यायचे.

परदेशांचा दाखला द्यायचा तर ब्रिटनमध्ये विनापरवाना एअर रायफलची मर्यादा सोळा ज्यूलच्या आसपास आहे. जर्मनीत ती अवघी साडेसात. स्कॉटलंडची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००५ साली ग्लासगोमध्ये एअरगनचा छर्रा लागून दोन वर्षांचे एक मूल दगावले. त्यानंतर वर्षानुवर्षे वाद झाले आणि अखेर २०१५ साली कायदा होऊन २०१६च्या अखेरीपासून तिथे साध्या एअरगनलाही परवाना सक्तीचा झाला. नियमाला जाग यायला दहा वर्षे लागली.

बरे, परवान्याचा प्रश्न सुटला असे धरू. शिकार कशाची करायची? १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने या देशात शिकार बंद केली. पकडणे, जाळे लावणे, विष घालणे, जखमी करणे, इतकेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे, हे सारे कायद्याच्या लेखी 'शिकार'च आहे. पक्ष्यांची अंडी फोडणे, घरटे विस्कटणे हेसुद्धा त्यात येते. होला, साळुंकी, बुलबुल, पोपट या आपल्या अंगणातल्या नेहमीच्या मंडळींना या कायद्याचे संरक्षण आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उंदीर-घुशींसारखे अपवाद सोडले, तर 'शिकारीची एअर रायफल' ही अशी वस्तू आहे की जिचे नावातले कामच करायला मनाई आहे. तिजोरी फोडण्याची पहार 'तिजोरी फोडण्यासाठी उत्तम' असे लिहून कोणी विकत नाही. ही रायफल मात्र तशी राजरोस विकली जाते.

इथवर वाचून गावाकडचा वाचक वैतागला असेल, आणि त्याचे वैतागणे रास्त आहे. मी तालुक्याच्या शाखेत असताना पीककर्जाच्या हप्त्यांची वसुली हे माझे काम होते. एका शेतकर्‍याने मला कागद दाखवण्याऐवजी शेत दाखवले होते. रानडुकरांनी भुईमूग असा उकरला होता, की नांगरट झाली आहे असे वाटावे. "साहेब, हप्ता डुकरांकडून वसूल करा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात विनोद नव्हता. विदर्भात रोह्यांचे कळप, कोकणात वानर-माकडे, सगळीकडे डुकरे. रात्र-रात्र जागून राखण करणार्‍याला शहरातल्या माणसाने भूतदयेवर प्रवचन देऊ नये, हे मला मान्य आहे.

पण म्हणूनच सांगतो, या रायफलीची सर्वांत मोठी फसवणूक झाली तर ती शेतकर्‍याचीच होईल. वीस ज्यूलच्या छर्‍याने रानडुक्कर मरत नाही. छर्रा जाड कातडीत रुततो, जनावर पळते, जखम चिघळते आणि ते आठ-पंधरा दिवसांनी कुठल्या तरी ओढ्यात मरून पडते, किंवा जखमी अवस्थेत सरपण गोळा करायला गेलेल्या बाईच्या अंगावर येते. पीक तर वाचत नाहीच. कायद्याने यासाठी दार अगदीच बंद ठेवलेले नाही. उभ्या पिकाला धोका झालेल्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्याच्या ११व्या कलमाखाली अधिकारी देऊ शकतात; २०१५-१६मध्ये केंद्राने बिहारमध्ये रोही, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांना काही भागांपुरते, काही काळापुरते उपद्रवी ठरवले होते. त्या निर्णयांवर मतभेद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. परंतु ते काम जाहीर आदेशाने, जाणत्या माणसांनी, योग्य हत्याराने करायचे. भांडण करायचेच तर ते पंचनामा वेळेवर होण्यासाठी, भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडण्यासाठी, कुंपणाच्या अनुदानासाठी करावे. हवेच्या बंदुकीने यातले काहीच मिळत नाही.

आपल्या शेतीची जुनी रीत आठवून पाहा. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राही, त्यावर गोफण घेऊन राखणदार. दगड सणसणत जाई, थवा उठे, दुसर्‍याच्या शेतात उतरे, तिथून परत येई. बुजगावणे उभे केले जाई, पत्र्याचे डबे वाजवले जात. या सार्‍या साधनांचा गुण एकच : ती आवाज करत. हेतू हाकलण्याचा होता. आपले पूर्वज संत होते असे मी म्हणत नाही. फासे तेव्हाही लागत, ससे-तितर तेव्हाही चुलीवर चढत. पण राखण आणि शिकार ही दोन वेगळी कामे आहेत, याची समज होती.

ज्या समाजात शिकार हा जगण्याचाच भाग आहे, तिथला अनुभव तर अधिक विचार करायला लावणारा आहे. अरुणाचल प्रदेशात शिकारीची परंपरा जुनी. पण घरोघरी एअरगन आली आणि पोरासोरांनी दिसेल ते पाखरू टिपायला सुरुवात केल्यावर गावाभोवतीचे रान मुके होऊ लागले. १७ मार्च २०२१ रोजी पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावात तेव्हाचे पर्यावरण व वनमंत्री मामा नातुंग यांच्या पुढाकाराने 'एअरगन सरेंडर अभियान' सुरू झाले. धाडी नाहीत, जप्ती नाही. लोकांनी आपण होऊन बंदुका आणून द्यायच्या. पुढच्या काळात दोन हजारांहून अधिक एअरगन अशा जमा झाल्या. ज्यांच्या रक्तात शिकार आहे असे आपण सहज म्हणून टाकतो, त्यांनी आपल्या मुलांना पाखरे ऐकू यावीत म्हणून हत्यार खाली ठेवले. आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी शिकारी नव्हता असे शहरी तरुण मात्र ते ऑनलाइन मागवत आहेत.

एअरगनच्या बाजूने एक दाखला हमखास दिला जातो, तो सलीम अलींचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली मुंबई. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने या मुलाने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी? मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. त्या साहेबाने मुलाला हाकलले नाही. कपाटातले खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि ही पीतकंठी चिमणी कशी ओळखायची ते सांगितले. तिथून भारतातले पक्षिशास्त्र सुरू झाले म्हटले तरी चालेल. सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्राचे नाव त्या चिमणीच्या पडण्यावरूनच ठेवले.

गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून निघणारा अर्थ नीट पाहायला हवा. बंदुका त्या काळी कितीतरी मुलांकडे होत्या. सलीम अली एकच झाला. फरक पडला तो त्याला पडलेल्या प्रश्नाने, चिठ्ठी लिहिणार्‍या मामाने आणि खण उघडणार्‍या सचिवाने. आज ती चिमणी न मारता पाहता येते, तिचा फोटो घेता येतो, नाव दोन मिनिटांत शोधता येते. चिठ्ठी लिहिणारे मामा मात्र कमी झाले आहेत.

म्हणून घरातल्या कर्त्या मंडळींना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुलाला नेमबाजीची खरोखर हौस असेल तर ती दडपू नका. त्याला चांगल्या रायफल क्लबमध्ये घाला. बंदूक रिकामी असली तरी तिची नळी माणसाकडे वळवायची नाही, हा पहिला धडा तिथे मिळतो, आणि तो गच्चीवर मिळत नाही. घरात आधीपासून एअरगन असेल तर ती कपाटात कुलूपबंद ठेवा, छर्रे वेगळ्या जागी ठेवा. आणि तिच्यावर किती ज्यूल लिहिले आहे, हे एकदा चष्मा लावून वाचा. लिहिलेलेच नसेल, तर विकणार्‍याला लेखी विचारा. तो टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजा. सरकारनेही एवढे करावे, की अशा प्रत्येक खोक्यावर ऊर्जेचा आकडा आणि शिकारबंदीची सूचना, सिगारेटच्या पाकिटावर असते तशी, ठळक छापायला लावावी. 'शिकारीसाठी' या शब्दाने जाहिरात करणार्‍याला निदान एक नोटीस तरी जावी.

महाराष्ट्रात २०२०पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. बहुधा दिवाळीच्या आगेमागेच तो येतो, म्हणजे मुलांना सुट्टी असते आणि घरात बोनसचे चार पैसे आलेले असतात. एका बर्‍या एअरगनच्या किमतीत चांगली दुर्बीण येते आणि पक्ष्यांचे एक सचित्र पुस्तकही. दोन्ही वस्तूंना परवाना लागत नाही, आणि या खेपेला ते वाक्य कोणी खालून वर वाचले तरी खरेच निघेल.